थीम पार्कमधला खोटा जुनेपणा कुठे पकडला जातो? या चुका टाळा

भिंत जुनी दिसावी म्हणून तिच्यावर सगळीकडे सारखाच तपकिरी हात मारणं, ही या कामातली सर्वांत नेहमीची चूक. खरी भिंत अशी जुनी होत नाही. गंजाचे ओघळ खिळ्याच्या खाली उतरतात, काजळी दिव्याच्या वर धरते, पावसात उडालेला चिखल जमिनीपासून वीत-दोन वीतच चढतो. दाराचा रंग उडतो, तो हात लागतो तिथे. पाहुण्याला हे शब्दांत सांगता येणार नाही, पण काहीतरी बनावट आहे हे त्याच्या डोळ्याला लगेच कळतं. म्हणून प्रत्येक डागापाशी विचारा: हा कशामुळे पडला? उत्तर नसेल तर डाग पुसून टाका.

फ्लोरिडातलं ‘डिस्नीज ॲनिमल किंगडम’ हे थीम पार्क १९९८ साली उघडलं. डिस्नीचे डिझायनर जो रोडी यांच्या नेतृत्वाखाली तिथे हरांबे नावाचं काल्पनिक पूर्व आफ्रिकी गाव उभं राहिलं. गिलावा सुटलेल्या भिंती, हाताने रंगवलेल्या दुकानांच्या पाट्या आणि वाटेतच उमटवलेले चाकांचे ठसे पाहून इथून कोण गेलं, काय विकलं गेलं, याचा अंदाज बांधता येतो. जमिनीकडे इतकं लक्ष फार कमी ठिकाणी दिलं जातं. भिंती शंभर वर्षं जुन्या आणि पायाखाली नवेकोरे पेव्हर ब्लॉक असले, की सगळी मेहनत वाया जाते.

जुनं म्हणजे पडकंच, असंही नाही. कॅलिफोर्नियाच्या डिस्नीलँडमधली १९६९ची हाँटेड मॅन्शन, म्हणजे भुताटकीची हवेली, बाहेरून नीटनेटकी, पांढरीशुभ्र आहे. भुतं आत. मला हा निर्णय फार आवडतो.

फलक लावून गोष्ट सांगून टाकू नका. ॲनिमल किंगडममधल्याच एक्स्पिडिशन एव्हरेस्ट या रोलर कोस्टरची रांग मोहिमेच्या बुकिंग कचेरीतून, यतीच्या (हिममानवाच्या) देवळातून आणि पुढे यतीच्या संग्रहालयातून जाते. कचेरीला सहल विकायची आहे, तर संग्रहालय वर जाऊ नका म्हणून बजावतं. एकही ओळ न वाचणाऱ्यालाही देवळापाशी ठेवलेल्या वस्तू पाहून कळतं, की इथली माणसं कोणाला तरी घाबरतात.

मापाची चूक महागात पडते. डिस्नीलँडचा मॅटरहॉर्न हा कृत्रिम डोंगर (१९५९) जेमतेम १४७ फुटांचा, तरी उंच वाटतो, कारण वर वर झाडं लहान होत जातात. तिथल्याच मेन स्ट्रीट या रस्त्यावरच्या इमारतींचे वरचे मजलेही असेच कमी मापाचे आहेत. अशा मजल्यावर एसीचं बाहेरचं युनिट बसवलं किंवा नेहमीच्या मापाचं दार लावलं, तर खरं माप उघडं पडतं.

कचरापेटी, अग्निशामक, वायरी यांचा विचार शेवटी करू नका. नेदरलँड्समधल्या एफ्टेलिंग या थीम पार्कमध्ये, जिथलं परीकथांचं जंगल चित्रकार अँटोन पीक यांच्या कल्पनेतून १९५२ साली साकारलं, कचरापेटीच एक खादाड पात्र आहे. ते तोंड उघडून कागद मागतं आणि मुलं कचरा शोधत फिरतात. अग्निशामक आणि बाहेर पडण्याच्या खुणा मात्र लपवू नका. त्यांच्यासाठी आराखड्यातच जागा ठेवा.

उद्घाटनानंतरची चूक देखभालीत होते. रंगारी येतो, डाग दिसतो आणि तो प्रामाणिकपणे त्यावर रंग मारतो. त्याचा दोष नाही, त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. प्रत्येक भिंतीचा फोटो, रंगांचे क्रमांक आणि कोणता डाग मुद्दाम पाडलाय याची नोंद देखभाल विभागाकडे पहिल्याच दिवशी सोपवा. खरी ओल आणि रंगवलेली ओल वेगळी ओळखायलाही हीच नोंद लागते.