कमी बिलाचा फ्लॅट, शांत उपनगर: भाड्याने घेण्याआधी काय तपासावं

एलईडी दिवे बसवले आणि नवा फ्रिज ठेवला, की फ्लॅटच्या जाहिरातीत ‘ऊर्जा-बचत’ हा शब्द येतो. दिवे कोणीही एका दुपारी बदलू शकतो. भिंती, काचा आणि छत मात्र भाडेकरूच्या हातात नसतात, आणि बिल ठरतं ते मुख्यतः त्यांच्यावर. घर पाहायला मिळणारा अर्धा तास त्यांना द्या.

१. जायच्या आधी फोनवर

इमारतीचा ऊर्जा-दाखला असेल तर त्यावर दर चौरस मीटरला वर्षाकाठी किती युनिट, हा आकडा असतो. तो घराच्या क्षेत्रफळाने गुणा. ७० चौरस मीटरचं घर आणि दाखल्यावर ५० असेल तर वर्षाला ३,५०० युनिट. दाखल्यावर १५० असेल तर १०,५००. फरक ७,००० युनिटांचा, म्हणजे महिन्याला जवळपास ५८३. याला आपल्याकडच्या दराने गुणलं, की चांगल्या घरासाठी किती जास्त भाडं परवडेल ते कळतं.

दाखल्यातला आकडा ठरावीक वापर धरून काढलेला असतो. काही दाखले ‘प्राथमिक ऊर्जा’ दाखवतात, म्हणजे वीज किंवा इंधन तयार करून घरापर्यंत आणण्यात गेलेली ऊर्जाही त्यात धरलेली असते. ती मीटरवरची युनिटं नव्हेत. त्यामुळे मागच्या १२ महिन्यांची बिलंही मागा. एका महिन्याचं बिल दाखवलं जातं तेव्हा तो महिना बहुधा ना थंडीचा असतो ना उन्हाळ्याचा. घर तापवण्याची किंवा गरम पाण्याची सोय इमारतीत सामाईक असेल तर तो खर्च विजेच्या बिलात दिसणारच नाही. तो वेगळा विचारा.

उपनगर म्हटलं की प्रवास आला. एका बाजूने २० किलोमीटर आणि महिन्याला २२ दिवस, म्हणजे ८८० किलोमीटर. गाडी लिटरला १६ किलोमीटर जात असेल तर ५५ लिटर पेट्रोल. एका लिटरात साधारण ९ युनिट ऊर्जा असते, म्हणजे ही झाली ४९५ युनिटं. वरच्या ५८३ मधली बहुतेक बचत रस्त्यावर गेली. रेल्वे किंवा बस चालत १० मिनिटांवर असेल तर हा हिशेब पार बदलतो.

२. इमारतीत घर कुठे आहे

एकाच इमारतीतल्या, एकाच आकाराच्या दोन फ्लॅटांचं बिल सारखं येत नाही. वर, खाली आणि दोन्ही बाजूंना शेजारी असलेलं मधलं घर सगळ्यात स्वस्त पडतं. वरच्या मजल्यावर छत तापतं आणि निवतं, कोपऱ्यातल्या घराला बाहेरची भिंत जास्त असते. वरचंच घर हवं असेल तर छताला इन्सुलेशन (उष्णता अडवणारा थर) आहे का, हे पहिलं विचारा.

पश्चिमेच्या मोठ्या काचेपासून सावध राहा. संध्याकाळचं ऊन खाली उतरलेलं असतं, वरचा सज्जा त्याला अडवत नाही. आतला पडदाही फारसा उपयोगी नाही, कारण ऊन काचेतून आत आल्यावर पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. बाहेरच्या बाजूने शटर किंवा जाळीदार पडदा असेल तरच खरा फरक पडतो.

३. घरात शिरल्यावर

सोबत मोबाइल, कागदाची पट्टी, टिश्यू पेपर आणि लिटरच्या खुणा असलेलं, दोन-तीन लिटर मावणारं भांडं न्या.

काच: मोबाइलचा टॉर्च काचेजवळ तिरका धरा आणि प्रतिबिंबं मोजा. प्रत्येक काच दोन प्रतिबिंबं देते. चार दिसली तर दुहेरी, सहा दिसली तर तिहेरी. त्यातल्या एकाचा रंग बाकीच्यांपेक्षा वेगळा असेल तर काचेवर उष्णता परतवणारा पातळ लेप आहे. हा फरक लहान नाही. आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना एकेरी काचेच्या दर चौरस मीटरमधून सुमारे ५.७ वॉट उष्णता जाते, साध्या दुहेरीतून सुमारे २.८, आणि लेप असलेल्या, मध्ये आर्गॉन वायू भरलेल्या दुहेरीतून १.१ च्या आसपास. नुसतं ‘डबल ग्लास आहे’ यावर थांबू नका. दोन काचांच्या आत धुकं किंवा पाण्याचे डाग दिसले तर काचांच्या कडेचं हवाबंद सील गेलेलं आहे. ते पुसून जात नाही, काच बदलावी लागते.

चौकट: कागदाची पट्टी चौकटीत ठेवून खिडकी बंद करा आणि पट्टी ओढा. ती सहज निसटली तर रबर कडक झालेलं आहे किंवा बिजागरी सैल आहे. चारही बाजूंना करा. बहुतेकदा कडीपासून दूरचा वरचा कोपरा सैल निघतो. हा दोष थोड्या खर्चात दुरुस्त होतो, त्यामुळे यासाठी घर नाकारू नका, राहायला जाण्याआधी काम करून घ्या.

ओल आणि बुरशी: बाहेरच्या भिंतीचा खालचा कोपरा, खिडकीची खालची कड, कपाटामागची भिंत पाहा. सगळी खोली जुन्या रंगाची आणि एकच कोपरा ताजा रंगवलेला असेल तर का, ते विचारा. खोलीत २० अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता असली, तरी भिंतीचा एखादा भाग साडेबारा अंशांपर्यंत उतरला की तिथली आर्द्रता ८० टक्क्यांवर जाते, आणि बुरशीला तेवढं पुरतं. नवी, घट्ट बांधलेली घरं यात जास्त फसतात: हवा बाहेर जात नाही म्हणून बिल कमी, पण श्वासाची, आंघोळीची आणि स्वयंपाकाची वाफही आतच.

म्हणून एक्झॉस्ट पंखा चालू करून जाळीवर टिश्यू लावा. तो चिकटून राहिला पाहिजे. पडला तर पंखा नावालाच आहे, किंवा नळी तुंबली आहे, किंवा दाराखाली फट नसल्याने बाहेरून हवाच येत नाही. दार किलकिलं करून पुन्हा पाहा, कारण कळेल. यांत्रिक वायुवीजन (पंख्याने घरातली हवा सतत बदलणारी यंत्रणा) असेल तर फिल्टर काढून दाखवायला सांगा. काळाकुट्ट फिल्टर देखभालीबद्दल पुरेसं बोलतो.

गरम पाणी: शॉवर १० सेकंद भांड्यात धरा आणि मिळालेलं पाणी ६ ने गुणा. मिनिटाला ९ लिटरच्या आत असेल तर उत्तम. १०० लिटर पाणी २० वरून ५० अंशांवर न्यायला साडेतीन युनिट लागतात. हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारं यंत्र) तेच काम साधारण तिसऱ्या हिश्श्यात करतो.

मीटर: ही तपासणी कोणी करत नाही, आणि पैसे वाचवणारी हीच. घरातलं सगळं बंद करा, फ्रिजसुद्धा, आणि मीटरवरचा लुकलुकणारा दिवा पाहा. मीटरवर एका युनिटला १,००० लुकलुक असं छापलेलं असेल आणि दिवा दर ३६ सेकंदांनी लुकलुकत असेल, तर काहीतरी १०० वॉट ओढत आहे. महिन्याला ७२ युनिट. जिन्यातले दिवे किंवा पाण्याचा पंप तुमच्या मीटरवर जोडलेला असू शकतो.

४. परिसर

तीनदा जा: कामाच्या दिवशी सकाळी शाळेच्या वेळी, रात्री १० नंतर, आणि सुटीच्या दुपारी. शांततेचा बिलाशीही संबंध आहे. रात्री खिडकी उघडी ठेवता आली तर घर फुकटात थंड होतं. आवाजामुळे ती बंद ठेवावी लागली तर एसी लागतो. शेजारी मोकळा भूखंड असेल तर तिथे बांधकामाची परवानगी दिली गेली आहे का, ते स्थानिक नियोजन कार्यालयात विचारा.

मुलं असतील तर शाळेचा रस्ता स्वतः चालून पाहा. नकाशावरचे ६०० मीटर मोठा रस्ता ओलांडावा लागला की फार होतात. बाल्कनीच्या कठड्यातल्या गजांमध्ये १० सेंटीमीटरपेक्षा जास्त अंतर नको, आणि पाय ठेवून चढता येईल अशी आडवी पट्टीही नको.

५. करार आणि किल्ल्या

फिल्टर कोण बदलणार आणि किती महिन्यांनी, सामाईक ऊर्जेचा खर्च क्षेत्रफळावर वाटला जातो की वापरावर, छतावरच्या सौर पॅनेलचा फायदा भाडेकरूला मिळतो की फक्त जिन्यातल्या दिव्यांना, हे लेखी घ्या. क्षेत्रफळावर वाटप असेल तर तुम्ही कितीही काटकसर केली तरी तिचा थोडाच भाग तुमच्या पदरात पडतो. एसीसाठी किंवा केबलसाठी बाहेरच्या भिंतीला भोक पाडण्याची परवानगीही आधीच मागा. अशा भोकातून हवा आणि ओल आत येते, म्हणून ते नीट बंद करण्याची जबाबदारी कोणाची, हेही लिहा.

किल्ल्या मिळतील त्या दिवशी वीज, पाणी आणि उष्णतेच्या प्रत्येक मीटरचा फोटो घ्या, अनुक्रमांक आणि आकडा दोन्ही दिसतील असा. धुकं धरलेल्या काचा आणि रंगवलेले कोपरे हेही फोटोत यावेत. ते सगळं त्याच दिवशी घरमालकाला पाठवा, म्हणजे डिपॉझिट परत मागताना तारखेवरून वाद होणार नाही.