मन शांत करत बसू नका : नेमबाजांनो, या चुका टाळा

सोलापुरात उन्हाळी सुट्टी लागली की रेंजवर नवी पोरं येतात आणि पहिली जिल्हा मॅच झाली की विचारतात, "सर, धडधड फार होते, मन शांत कसं करायचं?" धडधड होणारच. ती होत असताना हातांनी नेमकं काय करायचं हे ठरलेलं नसतं, अडतं ते तिथे.

सगळ्यात महागडी चूक म्हणजे शॉटचा क्रम नसणं, किंवा असूनही ऐनवेळी त्यातली पायरी गाळणं. 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा मॅट एमन्स 50 मीटर रायफल थ्री पोझिशनच्या (गुडघ्यावर, पालथं झोपून आणि उभं राहून मारायच्या प्रकाराच्या) फायनलमध्ये शेवटच्या शॉटआधी तीन गुणांनी पुढे होता. 7.2 लागला असता तरी सुवर्ण त्याचंच. तो उभा दोन नंबरच्या लेनवर, गोळी गेली तीन नंबरच्या टार्गेटवर. शॉटला शून्य, पठ्ठ्या थेट आठवा. परक्या टार्गेटवर लागला होता 8.1! एमन्सची नेहमीची सवय अशी की आधी टार्गेटच्या वरचा नंबर बघायचा, मग खाली उतरायचं. त्या शॉटला तो स्वतःला शांत करण्यात गुंतला आणि नंबर बघायचा राहून गेला. त्याच ऑलिंपिकमध्ये प्रोनचं, म्हणजे फक्त पालथं झोपून मारायच्या प्रकाराचं, सुवर्ण त्याने जिंकलं होतं, तेव्हा हात कच्चा होता असं कोणी म्हणू नये.

म्हणून क्रम वहीत लिहून काढा. एअर रायफलला साधारण असा : पेलेट (छर्रा) भरा, रायफल खांद्याला, गाल स्टॉकवर (रायफलच्या दस्त्यावर), लेनचा नंबर, वरून खाली काळ्या गोलावर, अर्धा श्वास सोडून थांबा, ट्रिगरचा पहिला टप्पा, दाब, आणि शॉट सुटल्यावर दोन सेकंद तसंच बघत राहा. प्रत्येक पायरीला मनात एकच शब्द ठेवा, "नंबर", "श्वास", "दाब". "झटका देऊ नको" असं बजावलंत तर मन झटक्याकडेच जातं. हा क्रम घरी कोऱ्या भिंतीसमोर रोज वीस मिनिटं ड्राय फायर करून, म्हणजे पेलेट न भरता ट्रिगर दाबून, मुरवा. त्याआधी रायफल रिकामी आहे ना, हे दोनदा बघा. स्प्रिंगची रायफल मात्र पेलेटशिवाय चालवू नका, पिस्टनचं सील जातं.

दुसरी चूक : रायफल खाली न घेणं. नेम धरल्यावर पहिल्या काही सेकंदांत होल्ड, म्हणजे रायफलची स्थिर पकड, चांगला असतो. आठ-दहा सेकंद उलटले की रोखलेल्या श्वासाने थरथर वाढते, एकटक बघून डोळ्याला जुनंच चित्र दिसत राहतं आणि मन म्हणतं, "आता सुटू दे एकदाचा." तो शॉट दहाऐवजी आठ किंवा सात गुणांच्या गोलात जातो. 60 शॉटना 75 मिनिटं असतात, म्हणजे शॉटमागे सव्वा मिनिट. मग घाई कसली? मागावर धागा तुटला की माग थांबवून गाठ मारतात, तसंच पुढे विणत नाहीत. मनात आठ मोजून झाले की रायफल खाली, गाल बाजूला, नजर जमिनीवर, दोन श्वास, आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून. चौथ्या पायरीपासून नाही. सरावात दर पाचवा शॉट होल्ड उत्तम असतानाही मुद्दाम न मारता रायफल खाली घ्या. खाली घेणं म्हणजे घाबरणं, ही समजूत त्याशिवाय जात नाही.

बाकीचं थोडक्यात. पडद्यावर छर्रा कुठे लागला ते बघा, बेरीज करू नका. 7.9 गेल्यावर पुढच्या शॉटमध्ये वसुली करायला जाऊ नका. अर्धा मिनिट पेलेटला हातच लावायचा नाही. गळ्यात मेडल पडल्याची कल्पना करणं म्हणजे दिवास्वप्न. कल्पनेत रिअर साइटमधून (डोळ्याजवळच्या नेमाच्या भोकातून) दिसणारं चित्र आणि बोटाला लागणारं ट्रिगरचं वजन हवं, तेही खऱ्या वेगाने. साइटिंगची, म्हणजे मॅचआधी नेम जुळवायला मिळणारी, 15 मिनिटं दहाच्या मागे धावण्यात घालवू नका. ग्रुप जमला, म्हणजे शॉट एकाच जागी पडू लागले, की थांबा.

शांततेतच सराव करणाऱ्यांची फायनलला गाळण उडते. तिथे प्रेक्षक ओरडतात, घोषणा चालू असतात, आणि एकेका शॉटला 50 सेकंद मिळतात. गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या जत्रेच्या) दिवसांत बाहेर वाजंत्री चालू असेल तर खिडकी उघडी ठेवा आणि टायमर लावा.

पुण्यात बालेवाडीला राज्य स्पर्धा असेल तर सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडून थेट रेंजवर उतरू नका. आदल्या दिवशी पोचा. आणि चहा रोज दोन कप घेत असाल तर मॅचच्या दिवशीही दोनच. कोणीतरी सांगितलं म्हणून त्याच सकाळी चहा सोडणारे तिसऱ्या सिरीजपर्यंत (दहा शॉटची एक सिरीज) डोकं धरून बसलेले असतात.