आठ ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी रंगतदार पुस्तक कसे निवडावे

तिसरी ते पाचवीच्या काळात मुलाच्या वाचनाचे स्वरूप पालटते. तोपर्यंत मूल वाचायला शिकत असते आणि त्यानंतर वाचून शिकू लागते. अमेरिकी अभ्यासक जीन चॉल यांनी १९८३ मध्ये वाचनविकासाच्या अवस्था मांडताना साधारण चौथीच्या सुमारास येणारा हा बदल स्पष्ट केला होता. दुसरीत आनंदाने वाचणारी अनेक मुले नेमकी याच वयात पुस्तकांपासून दूर जाऊ लागतात. त्यांना वाचनाचा कंटाळा आहे असा निष्कर्ष आपण घाईने काढतो, परंतु पुष्कळदा हाती दिलेले पुस्तकच एक तर फार बाळबोध असते किंवा फार जड असते. म्हणूनच या वयात पुस्तक निवडण्याकडे अधिक लक्ष द्यायला हवे.

सुरुवात मुलापासून करावी

दुकानात किंवा ग्रंथालयात जाण्यापूर्वी काही दिवस मूल कोणते प्रश्न विचारते, याकडे लक्ष द्यावे. ‘त्याला प्राणी आवडतात’ एवढी माहिती पुरेशी नसते. आपल्या तोंडापेक्षा मोठे भक्ष्य साप कसे गिळतो, असे विचारणाऱ्या मुलाला जबड्याची रचना आकृतीसह समजावून सांगणारे माहितीपर पुस्तक हवे असते. बोलणाऱ्या सापाची गोष्ट त्याला पुरी पडणार नाही. याउलट, जखमी पक्ष्याला घरी आणू का असे विचारणाऱ्या मुलाला प्राणी आणि माणूस यांच्या नात्याची कथा अधिक भावेल. आवडीचा विषय एकच असला, तरी पुस्तके निराळी लागतात. ‘तुला कसली पुस्तके आवडतात?’ या थेट प्रश्नाला मुले बहुधा मोठ्यांना आवडेल असे उत्तर देतात, त्यामुळे त्यावर फारसे विसंबू नये.

काठिण्य पानावरच तपासावे

मलपृष्ठावर छापलेला वयोगट हा केवळ अंदाज असतो. त्यापेक्षा पाच बोटांची चाचणी अधिक उपयोगी पडते. पुस्तकाच्या मधले, भरपूर मजकूर असलेले एक पान उघडून मुलाला वाचायला सांगावे आणि अर्थ न कळलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायला सांगावे. एखादेच बोट मिटले तर पुस्तक सोपे आहे, दोन-तीन मिटली तर योग्य आहे, चार मिटली तर कोणाची तरी सोबत लागेल आणि पाचही मिटली तर ते सध्या बाजूला ठेवावे. सुरुवातीचे पान या चाचणीसाठी घेऊ नये, कारण पुष्कळ लेखक ते मुद्दाम सोपे ठेवतात. पान वाचून झाल्यावर ‘यात काय झाले?’ असे सहज विचारावे. सगळे शब्द अचूक उच्चारूनही काय घडले हे सांगता येत नसेल, तर बोटांचा हिशेब बाजूला ठेवून पुस्तक जड आहे असेच समजावे.

मात्र विषय मुलाच्या जिव्हाळ्याचा असेल, तर ही चाचणी सैल करावी. डोना रेच्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, याहून थोड्या मोठ्या मुलांना बेसबॉलच्या सामन्याचे वर्णन वाचायला दिले होते. वाचनात कच्ची पण खेळाची चांगली माहिती असलेली मुले, वाचनात पक्की पण खेळाविषयी फारसे न जाणणाऱ्या मुलांपेक्षा तो मजकूर अधिक चांगला समजून घेऊ शकली. विषयाची जाण अनोळखी शब्दांवरून पुढे घेऊन जाते. त्यामुळे अवकाशाचे वेड असलेल्या मुलीच्या हातून ‘हे तुझ्यासाठी अवघड आहे’ म्हणून पुस्तक काढून घेणे मला अन्यायाचे वाटते.

आता पुस्तक आपण स्वतः उघडावे

कथेच्या पुस्तकाची पहिली तीन-चार पाने वाचावीत आणि तेवढ्यात काही घडू लागते का, कोणाला काही हवे आहे का, कोणी अडचणीत सापडले आहे का, हे पाहावे. त्यानंतर मधला एखादा संवाद मोठ्याने वाचावा. अनुवादित पुस्तकांच्या बाबतीत तर ही कसोटी टाळूच नये: खरी मुले ज्या भाषेत कधीच बोलणार नाहीत, ती भाषा पात्रांच्या तोंडी असेल, तर मूळ कथा कितीही चांगली असली तरी मूल तिच्यात रमत नाही. प्रत्येक प्रसंगानंतर लेखक उपदेश करू लागला, तर ते पुस्तक परत ठेवावे. या वयाच्या मुलांना उपदेशाचा वास फार लवकर येतो. एका बैठकीत संपणारी प्रकरणे, मोकळ्या ओळी आणि अधूनमधून चित्रे असली की मोठे पुस्तकही आवाक्यातले वाटते.

माहितीपर पुस्तकाचे प्रकाशनवर्ष अवश्य पाहावे. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने २००६ मध्ये प्लूटोला बटुग्रह ठरवले. तेव्हा सूर्यमालेत नऊ ग्रह मोजणारे पुस्तक जुने आहे, हे एका दृष्टिक्षेपात कळते.

वाचनात वयाच्या पुढे असलेल्या मुलांसाठी आणखी एक काळजी घ्यावी लागते. नऊ वर्षांचे मूल किशोरांसाठीच्या कादंबरीतील शब्द वाचू शकेल, पण त्यातील हिंसा किंवा मृत्यूचे वर्णन त्याला पेलेलच असे नाही. अशा पुस्तकाचा शेवट आपण आधी वाचावा. दुःखाचे विषय पूर्णपणे टाळण्याची गरज नाही. त्यावर बोलायला आपण जवळ असलो म्हणजे झाले.

अंतिम निवड मुलाची

चाळून ठेवलेली चार-पाच पुस्तके मुलापुढे मांडावीत आणि त्यातले कोणते घ्यायचे ते त्यालाच ठरवू द्यावे. बालसाहित्याच्या अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० मध्ये पुस्तकांना आरसा आणि खिडकी म्हटले होते. त्यानुसार मुलाला स्वतःचे जगणे दिसेल असे एक आणि अगदी अनोळखी आयुष्य दाखवणारे एक, अशी दोन्ही पुस्तके या संचात असावीत. चित्रकथा आणि एकाच पात्राच्या पुस्तकमालिका यांना कमी लेखू नये. मालिकेत पात्रे आणि परिसर आधीच ओळखीचे असल्याने दर वेळी नव्याने जम बसवण्याचे कष्ट वाचतात, आणि ज्या मुलाला पुस्तकाची पहिली वीस पानेच कठीण जातात त्याला याचा फार आधार होतो.

निवडलेल्या पुस्तकाचे पहिले प्रकरण आपण मोठ्याने वाचून दाखवावे आणि उत्सुकता ताणली गेली असताना थांबावे. दोन-तीन प्रकरणांनंतरही मन लागत नसेल, तर पुस्तक सोडून देण्याची मुभा असावी. ते कुठे सोडले हे मात्र विचारून घ्यावे. वर्णनाच्या लांबलचक परिच्छेदापाशी सोडले असेल, तर पुढच्या वेळी संवादांनी भरलेले पुस्तक शोधावे. बरीच नवी पात्रे एकदम आली तिथे सोडले असेल, तर एकाच नायकाभोवती फिरणारी कथा पाहावी. आणि भीती वाटली म्हणून सोडले असेल, तर तेच पुस्तक वर्षभराने पुन्हा समोर ठेवावे.