ब्रेन ट्यूमरनंतर मुलांचं ऑनलाइन मेंदू-प्रशिक्षण: या चुका टाळा

ट्यूमरच्या उपचारांनंतर मूल अभ्यासात मागे पडतं, तेव्हा ते शिकलेलं विसरलेलं असतंच असं नाही. बहुतेकदा नवं शिकण्याचा वेग मंदावलेला असतो. रेडिएशनमुळे मेंदूतल्या पांढऱ्या द्रव्याला, म्हणजे मेंदूचे भाग एकमेकांना जोडणाऱ्या तंतूंना, इजा होऊ शकते आणि ती महिन्यांनी, कधी वर्षांनी जाणवते. फटका बसतो तो लक्ष, विचारांचा वेग आणि वर्किंग मेमरी यांना. वर्किंग मेमरी म्हणजे ऐकलेलं-पाहिलेलं क्षणभर डोक्यात धरून त्यावर काम करणं. कॉगमेडसारखे ऑनलाइन कार्यक्रम नेमकं हेच घोटून घेतात: साधारण 25 सेशन, 5 आठवडे, दर वेळी 30 ते 45 मिनिटं. अमेरिकेतल्या सेंट ज्यूड रुग्णालयाच्या 2015 च्या अभ्यासात ब्रेन ट्यूमर किंवा ल्युकेमियातून (रक्ताच्या कर्करोगातून) बरी झालेली 68 मुलं होती. प्रशिक्षण घेतलेल्या मुलांची वर्किंग मेमरी आणि लक्ष सुधारलं.

सगळ्यात जास्त नुकसान करते ती पालकांची मदत. आकडे उलट्या क्रमाने दाबायचे असतात, मूल चौथ्या आकड्याशी अडतं आणि शेजारून कुणीतरी हळूच "सात" म्हणतं. उत्तर बरोबर आलं की प्रोग्राम लेव्हल वाढवतो, कारण मुलाला त्याच्या क्षमतेच्या काठावर ठेवणं हेच त्याचं काम. मग दुसऱ्या दिवशी मूल वाढलेल्या लेव्हलवर सारखं चुकतं, रडतं, बसायलाच नको म्हणतं. शेजारी जरूर बसा, पण सांगू नका. कागद-पेन्सिलही बाजूला ठेवा. लेव्हल आधीच फुगली असेल तर मुलाला त्याचं त्याचं चुकू द्या, प्रोग्राम आपोआप खाली येतो.

दुसरी चूक वेळेची. रेडिएशन संपल्यावर काही आठवड्यांनी बऱ्याच मुलांना विलक्षण झोप आणि मरगळ येते, त्या काळात सुरुवात नको. कधी सुरू करायचं ते उपचार करणाऱ्या टीमला विचारा. शाळा, क्लास उरकून रात्री बसवलं तर थकवाच मोजला जातो. शेवटच्या दहा मिनिटांत उत्तरं झटपट आणि चुकीची यायला लागली, तर मूल थकलंय. मध्ये दहा मिनिटांची सुट्टी द्या, नाहीतर कार्यक्रमाच्या प्रशिक्षकाकडे कमी मिनिटांचं, जास्त आठवड्यांचं वेळापत्रक मागा.

तिसरी चूक सहज लक्षात येत नाही: डोळे, कान, हात यांची अडचण स्मरणशक्तीच्या खात्यावर टाकणं. चुका नेहमी स्क्रीनच्या एकाच बाजूला होत असतील, तर त्या बाजूची दृष्टी गेलेली असू शकते. नेत्रतज्ज्ञांकडून दृष्टिक्षेत्र तपासून घ्या. सिस्प्लॅटिन हे केमोथेरपीचं औषध दिलेल्या बऱ्याच मुलांना उंच स्वर कमी ऐकू येतात, त्यामुळे 'स', 'फ' सारखे ध्वनी निसटतात आणि बोलून दिलेली सूचना अर्धवट पोहोचते. सेरेबेलम म्हणजे मेंदूचा हालचाल आणि तोल सांभाळणारा मागचा भाग; तिथल्या ट्यूमरनंतर हात थरथरू शकतो, बोट शेजारच्या चौकोनावर पडतं. अशा वेळी मुलाने उत्तर दाखवायचं आणि मोठ्यांनी दाबायचं. मदत चालते ती एवढीच.

गणिताचे मार्क लगेच वाढतील, ही अपेक्षाही सोडा. सुधारणा सरावातल्या कामांशी मिळत्याजुळत्या गोष्टींत आधी दिसते, म्हणून परीक्षेतला जादा वेळ आणि लेखी सूचना या सवलती प्रशिक्षण चालू आहे म्हणून बंद करू नका.

आठवडाभरात स्कोअर अचानक घसरला, सोबत सकाळची डोकेदुखी, उलट्या, गुंगी किंवा चालण्यात फरक असेल, तर त्याला कंटाळा समजू नका. शंट (मेंदूतलं जादा पाणी वाहून नेणारी नळी) बंद पडणं किंवा ट्यूमर पुन्हा वाढणं, दोन्हींत असं होऊ शकतं. त्याच दिवशी रुग्णालय गाठा आणि प्रोग्राममधला रोजच्या स्कोअरचा आलेख सोबत न्या. घसरण कोणत्या तारखेपासून आहे ते डॉक्टरांना त्यात दिसेल.