भावाच्या नावानं मॅरेथॉन धावून पैसे कसे उभे करायचे (धावणं सोपंय, मागणं अवघड)

बूट कुठले, सोळा आठवड्यांचं टाइमटेबल कसं, रविवारी लाँग रन किती, यावर ढिगानं लिहिलेलं सापडतं, मी त्यात भर घालत नाही. बडोद्यात असाल तर पहाटे कमाटीबाग गाठा, ऊन चढायच्या आत घरी. आणि पहिल्याच वर्षी ४२.१९५ किलोमीटरच्या मागे लागू नका, २१ चा हाफ पुरे झाला, पैसे देणारा माणूस अंतर मोजत बसत नाही.

माझा धाकटा भाऊ थॅलेसेमिया मेजर होता, म्हणजे रक्ताचा जन्मजात आजार. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवायचं, त्या रक्तातून अंगात साचणारं लोह काढायला वेगळी औषधं, आणि तेच लोह शेवटी हृदयाला भोवलं, एकोणिसाव्या वर्षी गेला. मी स्वतः थॅलेसेमिया मायनर आहे, म्हणजे काही त्रास नाही पण हिमोग्लोबिन कायम दहाच्या आसपास. एका रनरनं मला छातीठोकपणे आयर्नच्या गोळ्या घ्यायला सांगितलं होतं. घरात कुणाला थॅलेसेमिया असेल तर असलं काही ऐकू नका, आधी एचबीए२ (मायनर आहात का ते कळतं) आणि फेरिटिन (अंगात लोह किती ते कळतं) तपासा, डॉक्टरांना दाखवा. मायनरमधलं कमी हिमोग्लोबिन लोहाच्या कमतरतेमुळे नसतंच बऱ्याचदा, मग गोळ्या कशाला गिळायच्या?

पैसे ज्या संस्थेला देणार ती निवडताना दोनच गोष्टी विचारा: ८०जी (देणाऱ्याला टॅक्समध्ये सूट मिळते ते) आहे का, आणि पैसे नेमके कशाला लागतात. "मुलांच्या मदतीसाठी" हे उत्तर नाही. रक्त चढवताना लावायचे फिल्टर, गोळ्या, तपासण्या, यातलं एक काहीतरी आणि त्याचा आजचा भाव, लेखी घ्या.

पैसे स्वतःच्या खात्यात घेऊ नका. मी घेतले होते. सगळ्यांनी मला जीपे केलं, मी एकरकमी संस्थेला दिले, पावती अर्थातच माझ्या नावानं आली आणि मग लोकांचे फोन, आमची ८०जीची पावती कुठंय. संस्थेचा क्यूआर कोड मागून घ्या, देणाऱ्यानं थेट तिथे द्यायचं, पॅनसकट. दोन हजाराच्या वर कॅश दिली तर टॅक्समध्ये सूट नाही आणि नव्या टॅक्स रिजीममध्ये तर ८०जी मिळतच नाही, हे आधीच सांगून टाका, नंतर तोंड कडू होत नाही.

आता मागणं. इथे मी दोन वर्षं आपटले.

पहिल्या वर्षी रात्री एकला रडत रडत मेसेज लिहिला, "माझा लाडका भाऊ आम्हाला सोडून गेला" वगैरे, आणि नऊ ग्रुपवर टाकला. सकाळी बघते तर ओळीनं ॐ शांती आणि हात जोडलेले इमोजी, पैसे दोघांचे. लोकांची चूक नाही हो, शोकसंदेश वाचला की माणूस ॐ शांती लिहितो आणि मोकळा होतो. वर त्यात मी त्याचा हॉस्पिटलमधला, हाताला सुई लावलेला फोटो टाकला होता. तो आईनं मावशीच्या स्टेटसवर बघितला. चार दिवस माझ्याशी बोलली नाही, ताट वाढायची आणि आत जायची. तेव्हा मेसेज आणि फोटो आधी घरच्यांना दाखवा, हे मी हात जोडून सांगते. आता जो फोटो जातो तो आईनं निवडलेला आहे, उत्तरायणातला, गच्चीवर, हातात फिरकी आणि नाकाला झिंक लावलेलं.

मेसेजमध्ये तो जिवंत दिसू दे. आमचा भाऊ रक्त चढवायला जाण्याला "पेट्रोल भरायला चाललो" म्हणायचा आणि परत येताना सेवउसळ, वर जास्तीची तरी, हे ठरलेलं. मी एवढंच लिहिते आणि खाली लिहिते की एका मुलाच्या पेट्रोलच्या एका फेरीच्या फिल्टरचे इतके रुपये. बास, सहा ओळी.

आणि ग्रुपवर नाही, एकेकाला फोन. वहीत नावं काढा, श्रीमंत नातेवाईक वरती लिहू नका, भावाला ओळखणारे लिहा: शाळेच्या बाई, रिक्षावाले काका, लॅबमधला मुलगा. आकडा तुम्ही सांगा. "जमेल तेवढं द्या" हे सगळ्यात वाईट वाक्य आहे, समोरचा अडकतो, शंभर कमी दिसतील का, हजार जास्त होतील का, आणि मग उद्या बघू. "काकू, दोन फिल्टरचे द्याल का?" असं विचारा आणि गप्प बसा. मला हे गप्प बसणंच जमायचं नाही. विचारलं की लगेच मीच म्हणायचे, "नाही जमलं तरी चालेल हं काकू," आणि काकू सुटल्यासारख्या "बरं बरं" म्हणायच्या. आता जीभ दाताखाली धरते, अक्षरशः.

नाही म्हणाले तर रक्त मागा. पुरुषांना तीन महिन्यांनी, बायकांना चार महिन्यांनी देता येतं आणि थॅलेसेमियाच्या मुलांना त्याचाच जास्त उपयोग. तुम्ही मात्र रेसच्या तोंडावर देऊ नका, पाय शिशाचे होतात.

आठवण एकदाच करा, रेसच्या आदल्या आठवड्यात. तिसऱ्यांदा फोन केलात तर लोक तुम्हाला बघून रस्ता बदलतात.

रेसच्या दिवशी (बडोद्याची असेल तर नवलखी ग्राउंडवर) वेळेत पोचा, टीशर्टच्या पाठीवर मार्करनं भावाचं नाव लिहा, फोटो पिनेनं लावू नका, घामानं लगदा होतो.

आठ दिवसांत सगळ्यांना हिशोब पाठवा, किती जमले, किती फिल्टर आले, बिलाच्या फोटोसकट. मेच्या मध्यात संस्थेला फोन करून पॅन नंबर एकदा ताडून घ्या, कारण ८०जीची सर्टिफिकेटं ३१ मेपर्यंत निघतात. एका वर्षी आमच्या दाजींच्या पॅनमधलं एक अक्षर चुकलं होतं, ते दर दिवाळीला अजून ऐकवतात.