इंजिनांच्या चाचणीसाठी सुरुवातीच्या स्थिती कशा निवडाव्यात

भाऊसाहेब पडसलगीकर आणि नूतन बुद्धिबळ मंडळ यांच्यामुळे सांगलीला बुद्धिबळाची मोठी परंपरा लाभली आहे. स्पर्धेची तयारी करणारे येथील खेळाडू आता घरच्या संगणकावर इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅमही चालवतात, आणि एकाच इंजिनाच्या दोन आवृत्त्यांपैकी सरस कोणती, हा प्रश्न त्यांच्यापुढे कधी ना कधी येतोच. दोन्ही इंजिने पटाच्या मूळ मांडणीपासून खेळवून त्याचे उत्तर मिळत नाही. एका थ्रेडवर (गणनेच्या एकाच धाग्यावर), ठरावीक नोड्सच्या, म्हणजे तपासायच्या स्थितींच्या, मर्यादेत चालणारे इंजिन पुन्हा पुन्हा तोच डाव खेळते. वेळेची मर्यादा दिली तरी डाव मोजक्याच वाटांनी जातात. म्हणून चाचणी निवडक स्थितींपासून सुरू करावी.

त्यासाठी इंजिनांचे आपापसांत डाव लावणारा क्यूटचेस हा मोफत प्रोग्रॅम पुरेसा आहे. दोन्ही इंजिनांना सारखीच हॅश (तपासलेल्या स्थिती साठवण्याची मेमरी) आणि तितकेच थ्रेड द्यावेत, त्यांची स्वतःची ओपनिंग बुके (सुरुवातीच्या तयार खेळ्यांचे संग्रह) आणि पाँडरिंग (प्रतिस्पर्ध्याच्या वेळेत विचार करणे) बंद ठेवावे, आणि स्थितींची फाइल ईपीडी (फक्त स्थिती) किंवा पीजीएन (डावाच्या खेळ्या) स्वरूपात जोडावी. ईपीडीत अंतिम स्थितीच नोंदलेली असते, त्यामुळे निरनिराळ्या क्रमांनी येऊन एकाच मांडणीला मिळणाऱ्या खेळ्या चटकन सापडतात. क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्ड या ओपनिंगमध्ये (डावाच्या सुरुवातीच्या पद्धतीत) असे फार घडते. अशा पुनरावृत्त्या काढून टाकाव्यात.

यादीत सिसिलियन, फ्रेंच, किंग्ज इंडियन, बंद केंद्राच्या आणि उघड्या केंद्राच्या, अशा विविध प्रकारच्या स्थिती असाव्यात. स्वतःच्या आवडीच्या ओपनिंगचीच भरती केली, तर निष्कर्षही त्या ओपनिंगपुरताच राहतो. स्वतःच्या तयारीसाठी ते चालेल, परंतु मग त्याला इंजिनाची एकूण ताकद म्हणू नये. स्थिती बारा-पंधरा खेळ्या आत नेण्याचा मोहही टाळावा, कारण तेवढ्यात वजिरांची अदलाबदल होऊन बरेचसे नाट्य संपलेले असते.

खरी अडचण बरोबरीची आहे. आजची बलाढ्य इंजिने समतोल स्थितीतून खेळवली, तर बहुतेक डाव बरोबरीत सुटतात आणि दोघांमधील फरक दिसतच नाही. म्हणून एका बाजूला मुद्दाम वरचढ ठेवणाऱ्या स्थिती वापराव्यात. स्टेफान पोल यांचे यूएचओ (असमतोल ओपनिंगच्या स्थितींचे) संच याच हेतूने तयार केलेले आहेत. मात्र वरचढपणा अती झाला, तर रंग बदलूनही तीच बाजू जिंकते, जोडीचा निकाल 1-1 होतो आणि हाती काहीच लागत नाही. विजय आणि बरोबरी यांच्या सीमेवरची स्थिती सर्वांत बोलकी असते. स्टॉकफिश या इंजिनाच्या 15.1 आवृत्तीपासून एका प्याद्याच्या आघाडीचे मूल्यमापन म्हणजे विजयाची 50 टक्के शक्यता असे परिमाण ठरलेले असल्याने त्या आकड्याच्या आसपासच्या स्थिती आधी तपासाव्यात. दुबळी इंजिने असतील, तर हा खटाटोप करू नये. ती समतोल स्थितीतूनही पुरेशा चुका करतात.

प्रत्येक स्थिती दोनदा, रंगांची अदलाबदल करून खेळवणे अनिवार्य आहे. जोडीतील दोन डाव परस्परांपासून स्वतंत्र नसल्यामुळे हिशेबही जोडीचाच करावा. जोडीत एका इंजिनाला 0, ½, 1, 1½ किंवा 2 गुण मिळू शकतात. डावांची संख्या लोक नेहमीच कमी धरतात. साठ टक्के डाव बरोबरीत सुटतात आणि प्रत्येक डाव स्वतंत्र आहे असे ढोबळपणे धरले, तरी 100 डावांतील अनिश्चितता अधिक-उणे सुमारे 43 एलो (खेळाची ताकद मोजणारे गुण), 1000 डावांत 14 आणि 4000 डावांत 7 इतकी असते. शंभरात 53 गुण म्हणजे जेमतेम 21 एलोची आघाडी. तिच्यावरून काहीही ठरवू नये. डावांची संख्या आधीच निश्चित करावी, अथवा एसपीआरटी ही थांबण्याचे नियम सुरुवातीलाच ठरवून देणारी पद्धत वापरावी. आवडते इंजिन पुढे गेले की चाचणी थांबवणे म्हणजे निकाल हाताने लिहिण्यासारखेच आहे.

एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात लॅपटॉप तापला की प्रोसेसर आपला वेग कमी करतो आणि वेळेवर आधारित डाव बिघडतात. त्या दिवसांत चाचणी रात्री चालवावी आणि एकाच वेळी चालणारे डाव प्रोसेसरच्या कोअरच्या (गणना करणाऱ्या स्वतंत्र भागांच्या) संख्येपेक्षा कमी ठेवावेत. शेवटी पीजीएनमधून वेळ संपून हरलेले डाव शोधावेत. ते मूठभरांहून अधिक असतील, तर वेळमर्यादा वाढवून संपूर्ण चाचणी त्याच यादीवर पुन्हा घ्यावी.