गच्चीवरची भाजी: फवारा उचलण्याआधी या चुका टाळा

टोमॅटोची पानं पिवळी पडली की बहुतेकांचा हात आधी फवाऱ्याकडे जातो. गच्चीवरच्या आणि बाल्कनीतल्या भाजीचं दुखणं मात्र बरेचदा कुंडीच्या आत असतं. तेव्हा आधी माती उकरून बघा.

निव्वळ माती भरणं

शेतात सोन्यासारखी पिकणारी काळी माती कुंडीत त्रासच देते. ओली असताना चिकट चिखल, वाळली की कडेने भेगा. मग घातलेलं पाणी त्या भेगांतून तळाला जातं, भोकातून वाहून जातं, आपल्याला वाटतं भरपूर पाणी झालं, आणि मुळांचा गड्डा आतून कोरडाच. नर्सरीतली लाल मातीही एकटी भरली तर काही महिन्यांत घट्ट बसते. एक भाग माती, एक भाग शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा चुरलेला पालापाचोळा, एवढं साधं मिश्रण पुरतं. कोकोपीटची वीट भिजवून एक-दोनदा पाणी बदला, त्यात क्षार असतात. आणि नुसत्या कोकोपीटमध्ये रोप लावलंत तर खत वरून द्यावंच लागेल. त्यात झाडाच्या पोटाला जवळपास काही नसतं.

शेणखत काळसर, भुसभुशीत आणि बिनवासाचं हवं. अर्धवट कुजलेल्या खतातून हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, येते. चांगलं तरारलेलं वांग्याचं रोप अचानक मान टाकतं, ओढलं तर अलगद हातात येतं आणि खाली मुळंच नसतात. मातीत अर्धगोल वळलेल्या, पांढऱ्या, तपकिरी डोक्याच्या अळ्या सापडतात. वेचून काढा आणि कुंडीतली सगळी माती चाळून घ्या.

गच्चीवर गादीवाफा, पण वजनाचा विचार नाही

विटा रचून 4 फूट बाय 4 फुटांचा, फूटभर उंच वाफा केला की 16 घनफूट माती लागते. ओली झाली की ती 700 किलोंच्या वर जाते. आयएस 875 या भारतीय मानकात ये-जा असलेल्या सपाट गच्चीसाठी वापराचा भार चौरस मीटरला 150 किलोंच्या आसपास धरतात. फूटभर ओली माती त्याच्या तिप्पट भरते. त्यामुळे इंजिनिअरला विचारल्याशिवाय मोठा वाफा नको. पालेभाजीला सहा-आठ इंच खोली पुरते, आणि वाफ्यात मातीपेक्षा पालापाचोळा जास्त असला तर वजनही बरंच उतरतं. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराचा, म्हणजे शेतीत प्रयोग करणाऱ्यांच्या गटाचा, भरही पालापाचोळ्यावरच होता. टोमॅटो-वांग्यासाठी 15 ते 20 लिटरची बादली सोयीची.

पाणी, आणि तळातली खडी

रोज सकाळी ठरलेला तांब्या ओतणं ही सवय सोडा. बोट दोन पेरं मातीत घाला. ओलं लागलं तर पाणी नको. जास्त पाण्यानेही झाड कोमेजतं, मग माणूस आणखी पाणी घालतो आणि मुळं कुजतात.

तळाला खडीचा जाड थर द्यावा, असं अनेक माळी सांगतात. त्याने निचरा सुधारत नाही. बारीक माती तुडुंब भिजल्याशिवाय पाणी खालच्या खडीत उतरत नाही, म्हणजे मुळांची जागाच पाणथळ होते. भोकावर एक खापर ठेवा, बस. खालच्या ताटलीत साठलेलं पाणी ओतून द्या, नाहीतर भाजीआधी डासांचं पीक येईल.

टोमॅटोच्या बुडाला काळा, चामड्यासारखा डाग दिसतो तो रोग नव्हे. कधी कडक कोरडं, कधी तुडुंब, अशा पाण्यामुळे फळापर्यंत कॅल्शियम पोचत नाही. अंड्याची टरफलं टाकून तो डाग लगेच जाणार नाही, ती फार सावकाश कुजतात. पाणी नियमित करा आणि मातीवर पाल्याचं आच्छादन घाला.

उरलेल्या तक्रारी

कोथिंबीर उगवत नाही? धने हलके रगडून दोन दळं करा आणि आठ-पंधरा दिवस धीर धरा. मेथीसारखी ती चार दिवसांत वर येत नाही. तिची रोपं उपटून दुसरीकडे लावू नका. एप्रिल-मेच्या उन्हात ती लगेच फुलावर जाते. पुदिन्याला वेगळी कुंडी द्या, नाहीतर तो सगळा वाफा बळकावतो.

मिरचीची पानं आकसून वाटीसारखी वळली, म्हणजे चुरडा-मुरडा, तर पानामागे फुलकिडे (थ्रिप्स) किंवा कोळी कीड (माइट्स) शोधा. इथे मात्र फवारणी हवीच: लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी, उन्हं उतरल्यावर, पानांच्या खालून.

वेलाला फुलं भरपूर पण फळ नाही, तर आधी फुलाचा देठ बघा. सुरुवातीला नर फुलंच येतात. मादी फुलामागे बारकं फळ असतं. ते पिवळं पडून गळत असेल तर मधमाश्या पोचत नाहीत असं समजा आणि नर फूल तोडून त्याचा पराग मादी फुलाला लावा. काकडी आणि लाल भोपळ्याला हे काम सकाळी करावं. दोडका आणि दुधीची फुलं संध्याकाळी उमलतात, त्यांच्याकडे दिवेलागणीलाच जा.